गटार कागदावर किती लांब? ग्रामपंचायतीचा खर्च तपासायला निघालेल्या नवख्यांसाठी

आमच्या आळीतलं बंदिस्त गटार कागदावर पिठाच्या गिरणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जातं. जमिनीवर ते देवळाच्या अलीकडे, एका गोठ्यापाशीच संपतं, आणि पुढचं पाणी पावसाळ्यात ज्याच्या-त्याच्या उंबऱ्याशी येतं. कागदावरची लांबी ११२ मीटर, टेपने भरली ९४. हे १८ मीटर शोधायला मला दीड वर्ष लागलं. त्यातले आठ-नऊ महिने तर मी चुकीच्या दारात उभी राहून, चुकीचे कागद मागून, आणि एकदा चुकीच्या माणसावर आरोप करून घालवले. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

मी शिवणकाम करते आणि बचत गटाचा हिशेब लिहिते. वकील नाही, इंजिनिअर नाही. पण आमच्या गटात दोनशे रुपयांचा मेळ लागला नाही तर बायका बैठक उठू देत नाहीत. मग गावाच्या लाखांच्या कामाला मात्र "झालं असेल बरोबर" म्हणून मान का डोलवायची, एवढाच साधा प्रश्न होता.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीला धरून आहे. नगरपालिका-महानगरपालिकांचे नियम आणि अधिकारी वेगळे असतात, माहिती अधिकाराची वाट मात्र तीच.

हाताशी काय हवं

- ३० मीटरचा फायबर टेप, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मी पहिल्यांदा शिवणाचा दीड मीटरचा टेप घेऊन गेले होते. चाळिसाव्या वेळेला आकडा विसरला.
- माहिती अधिकाराच्या अर्जासाठी १० रुपयांची कोर्ट फी तिकिटं, चार-पाच. अपिलासाठी २० रुपयांची.
- एक फाइल, एक वही, आणि तारीख-वेळ दाखवणारा मोबाइल कॅमेरा.
- आधार किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स. अर्जाला ती लागत नाही, पण कार्यालयात गेल्यावर "तुम्ही गावच्याच का?" असं विचारतातच.
- सोबत किमान दोन माणसं. याबद्दल पुढे सांगते.

१. पैसा कोणाचा, ते आधी शोधा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. देवळापुढच्या सभामंडपाच्या फरशा सहा महिन्यांत उखडल्या. मी तरातरा ग्रामपंचायतीत गेले आणि चार लोकांसमोर भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांना, नाही ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ते आमदार निधीचं काम आहे. आमच्या दप्तरात त्याचा एक कागद नाही." खरंच नव्हता. नंतर माफी मागितली, पण पुढे वर्षभर माझ्या प्रत्येक अर्जाकडे "ही तीच सभामंडपवाली" असं बघितलं गेलं.

गावात दिसणारं प्रत्येक काम ग्रामपंचायतीचं नसतं. साधारण असे झरे असतात:

ग्रामनिधी म्हणजे गावाचं स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं. याचा हिशेब पूर्णपणे ग्रामपंचायतीकडे.

वित्त आयोगाचा निधी केंद्राकडून येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्याचे दोन भाग होते: ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवरच खर्च करायचा. त्यातून कमान किंवा सभामंडप बांधता येत नव्हता. आमचं गटार याच बंधित निधीतलं. जुन्या वर्षांची कामं तपासताना ही विभागणी लक्षात ठेवा.

'पंचवीस-पंधरा'चं काम हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं 'हेड', आहे, गावांतर्गत मूलभूत सुविधांचं. त्याशिवाय जिल्हा नियोजनातून येणारी जनसुविधा, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजना (गावात अजून 'दलितवस्ती'च म्हणतात), आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, २०१९ पासूनचं जलजीवन मिशन. यातली काही कामं ग्रामपंचायत करते, काही जिल्हा परिषदेचा बांधकाम किंवा पाणीपुरवठा विभाग, काही सार्वजनिक बांधकाम खातं. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या) गावांना पाच टक्के अबंध निधीही मिळतो.

मग ओळखायचं कसं? कामाच्या जागी फलक असेल तर त्यावर योजनेचं नाव, रक्कम आणि काम करणारी यंत्रणा लिहिलेली असते. फलक नसेल किंवा नुसताच "मा. आमदारांच्या प्रयत्नातून" असा असेल, तर ग्रामपंचायतीत तोंडीच विचारा: "हे काम कुठल्या हेडखाली झालं, आणि यंत्रणा कोण?" हे दोन प्रश्न भांडण न करता विचारले की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

फलकाला कमी लेखू नका. युगांडात नव्वदच्या दशकात शाळांसाठी सरकार जे अनुदान पाठवत होतं, त्यातला सरासरी जेमतेम १३ टक्के भाग शाळांपर्यंत पोचत होता. १९९१ ते १९९५ या वर्षांची तपासणी केल्यावर हे बाहेर आलं. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांच्या भिंतीवर रकमा लावायला लावल्या. २००१ पर्यंत पोचणारा भाग ८० टक्क्यांच्या वर गेला. एकट्या फलकाने सगळं झालं नसेल, इतरही सुधारणा होत होत्या. पण हेडमास्तरला 'आपले किती' हे कळल्याशिवाय तो मागणार काय?

२. एक काम, एक वर्ष

"गेल्या दहा वर्षांतील सर्व जमाखर्चाच्या प्रती द्याव्यात" असा अर्ज आमच्या तालुक्यात दर महिन्याला कुणीतरी टाकतो. त्याचं पुढे काय होतं? एकतर हजारो पानांचे पैसे भरा असं पत्र येतं, नाहीतर 'माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी'. आणि गावात पसरतं की याला कुणाकडून तरी पैसे काढायचेत. हे शेवटचं दरवेळी खोटं असतं असंही नाही, म्हणून खऱ्या अर्जदारालाही त्याचे डाग लागतात.

पहिलं काम निवडताना तीन गोष्टी बघा. ते डोळ्यांना दिसणारं आणि मोजता येणारं असावं: गटार, काँक्रीट रस्ता, पेव्हर ब्लॉक, पथदिवे. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं नसावं. आणि त्याचा त्रास एकट्या तुम्हाला नाही, आळीतल्या दहा घरांना होत असावा. 'प्रशिक्षण', 'जनजागृती', 'गाळ काढणे' असल्या कामांत गडबड जास्त असते हे मलाही माहीत आहे, पण काढून टाकलेला गाळ मोजणार कुठे? ती कामं हात बसल्यावर घ्या.

३. मोबाइलवर दिसतं तेवढं आधी बघून घ्या

ईग्रामस्वराज हे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं पोर्टल २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी निवड करत गेलात की मंजूर विकास आराखडा दिसतो आणि वित्त आयोगाच्या निधीतून कधी, किती, कशासाठी पैसे गेले तेही दिसतं. हे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीनेच जातात. "मला काही माहीत नाही, सगळं भाऊसाहेब बघतात" असं एखादे सरपंच म्हणाले तर हे आठवावं.

इथे फसायला होतं ते असं. पोर्टलवरची तारीख पैसे दिल्याची असते, काम झाल्याची नाही. मार्चमध्ये झालेल्या कामाचे पैसे जूनमध्ये दिसले म्हणून त्यात काळंबेरं असेलच असं नाही. कामाची नावं इंग्रजीत, अर्धवट, कधी कधी चुकीची टंकलेली असतात. आमचं गटार 'ड्रेनेज वॉर्ड टू' एवढंच होतं. आणि ग्रामनिधीचा, आमदार निधीचा सगळा खर्च तिथे दिसेल असं धरून चालू नका. पोर्टलवर नाही म्हणजे झालंच नाही, असा निष्कर्ष काढून मी एकदा तोंडावर पडलेय.

स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख दिसू द्या. नोंदी नंतर दुरुस्त होतात.

४. माहितीचा अर्ज

ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्ज जोडपत्र 'अ' या नमुन्यात करायचा. साध्या कागदावर हाताने लिहिला तरी चालतो. महाराष्ट्रात २०१२ पासून दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. ही अट मला सुरुवातीला जाचक वाटली, पण खरं तर तिने मला नेमकं मागायला शिकवलं.

माझा तिसरा, म्हणजे पहिला यशस्वी अर्ज असा होता:

"विषय: वॉर्ड क्र. २, पिठाची गिरणी ते मारुती मंदिर बंदिस्त गटाराचे काम.
कालावधी: १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२.
आवश्यक माहिती: वरील कामाच्या (१) प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, (२) मंजूर अंदाजपत्रक, (३) कार्यारंभ आदेश, (४) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, (५) अदा केलेली देयके व प्रमाणके, (६) काम पूर्णत्वाचा दाखला, यांच्या साक्षांकित प्रती.
माहिती व्यक्तिशः घेईन."

पहिल्या दोन अर्जांत मी काय विचारलं होतं? "गटार अर्धवट का सोडले? जबाबदार कोण?" उत्तर आलं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.' राग आला, पण बरोबरच होतं ते. दप्तरात जो कागद आहे तो मागायचा. 'का' आणि 'कोण' हे कागद हातात आल्यावर आपण ठरवायचं.

शुल्क १० रुपये. कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, रेव्हेन्यू तिकीट नव्हे. या एका चुकीने आमच्या गटातल्या एकीचा अर्ज परत आला. रोख भरलेत तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. प्रतींना पानाला २ रुपये. कारण सांगायची गरज नाही, "कशाला पाहिजे?" या प्रश्नावर हसून "वाचायला" म्हणावं.

पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. शिक्का "आत्ता नाही" म्हणाले तर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. पुढचं सगळं गणित त्या तारखेवर चालतं:

३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर तो नकारच समजायचा, आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. ते पंचायत समितीतल्या अधिकाऱ्याकडे जातं. नाव-पद ग्रामपंचायतीतल्या फलकावर असायला हवं, नसेल तर पंचायत समितीत विचारा. त्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय. त्यानेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे मात्र सुनावणीला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, म्हणून पहिल्या अपिलातच नीट तयारीने उभं राहा. माझे कागद पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच मिळाले. मुदत उलटून गेलेली असल्यामुळे तेही फुकट, कायद्यात तशी तरतूद आहे.

दंडाची तरतूदही आहे, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. पण तो लावायचा अधिकार आयोगाचा, अपिलीय अधिकाऱ्याचा नाही. उगाच ग्रामपंचायतीत जाऊन "दंड ठोकीन" म्हणू नका.

काम ग्रामपंचायतीचं नसेल तर अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं ही त्यांची जबाबदारी आहे. आणि लाभार्थ्यांचे खाते क्रमांक, आजार, कुटुंबाची माहिती असलं काही मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातली ती तरतूद बदलली आहे, आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून अख्खा अर्ज बाजूला टाकायला निमित्त मिळतं. गटाराचं अंदाजपत्रक कुणाचं वैयक्तिक नसतं.

एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते: माहितीच्या अधिकारात नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. दप्तर समोर बसून बघणं मला तर प्रतींपेक्षा बरं वाटतं. पहिला तास फुकट असतो, पुढे किरकोळ शुल्क. बसून पानं उलटताना शेजारच्या नोंदीही दिसतात, आणि कुठलं पान हवं ते कळलं की पैसेही कमी जातात.

५. कागद वाचायचा क्रम

चाळीस पानांचा गठ्ठा हातात आला त्या रात्री मी पहिल्या पानापासून वाचायला बसले आणि डोकं दुखून झोपले. क्रम उलटा ठेवा. आधी मोजमाप पुस्तिका, मग देयक (म्हणजे बिल), मग अंदाजपत्रक.

मोजमाप पुस्तिका, सगळे तिला एमबी म्हणतात, हा या गठ्ठ्यातला जीव आहे. इंजिनिअरने जागेवर जाऊन काय मोजलं ते तिच्यात लिहिलेलं असतं: लांबी, रुंदी, खोली, आणि त्यांचा गुणाकार. पैसे या आकड्यांवर दिले जातात. आमच्या एमबीत अंदाजपत्रकातली प्रत्येक लांबी जशीच्या तशी उतरली होती, दशांशासकट. खरं काम असं कधी होत नाही हो. कुठे झाड येतं, कुठे कुणाची पायरी येते, दोन-चार मीटर इकडेतिकडे होतातच. आकडे फार जुळले की मला आता शंका येते.

देयकात बघा: ज्या नोंदीवर पैसे दिले ती एमबीत आहे का, मोजमापाची तारीख देयकाच्या आधीची आहे का, ठेकेदाराला दिलेली रक्कम आणि बँकेतून गेलेली रक्कम जुळते का.

अंदाजपत्रक वाचताना एक चूक हमखास होते. एकूण रकमेला लांबीने भागायचं आणि ओरडायचं, "मीटरला एवढे हजार? घोटाळा!" त्या रकमेत जीएसटी असतो, कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर असतो, साहित्य चाचणीचे पैसे असतात, वाळू-खडीचं स्वामित्वधन (रॉयल्टी) असतं. दर ठरतात ते शासनाच्या दरसूचीवरून. ते बाजारापेक्षा जास्त वाटले तरी तो तुमच्या ग्रामपंचायतीचा गुन्हा नव्हे. भांडायचं ते दरावर नाही, मापावर.

हे झालं की ग्रामपंचायतीची रोकड वही, म्हणजे नमुना ५, त्या तारखेला उघडून बघा. अर्थसंकल्प नमुना १ मध्ये असतो. दोन्हींत काम सापडलं पाहिजे. शिवाय स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल मागा. लेखापरीक्षकाने आधीच घेतलेले आक्षेप त्यात असतात आणि त्यावरचा अनुपालन अहवाल (आक्षेपांवर काय केलं ते सांगणारा) बहुधा रखडलेला असतो. म्हणजे निम्मं काम दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

६. टेप

सकाळी सातला जा, रहदारी नसते. एक टोक धरायला एक, आकडा वाचायला एक, लिहायला एक. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक खडूने खुणा करून फोटो काढा. फोटोत देऊळ, विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी येऊ द्या. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. रुंदी तीन जागी मोजा.

खोली किंवा जाडी मोजायला काही फोडू नका. सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तक्रार तुमच्यावरच येईल. काँक्रीट रस्ता असेल तर नळजोडणीसाठी कुणीतरी तो आधीच फोडलेला असतो, तिथे पट्टी लावा. गटाराचं झाकण निघत असेल तर आतून.

मग वहीत चार रकाने: बाब, एमबीतलं माप, जागेवरचं माप, फरक. आमच्या वहीत पहिलीच ओळ लांबीची होती: ११२, ९४, १८. बाकीच्या बऱ्याच बाबी बरोबर निघाल्या. झाकण तर एक जास्तच होतं. तेही लिहिलं. बरोबर ते बरोबर म्हटल्याने उरलेल्या १८ मीटरचं वजन वाढलं.

७. ग्रामसभेत, पण त्याआधी महिला सभेत

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि सभेची सूचना सात दिवस आधी. गणपूर्ती (कोरम) १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बऱ्याच गावांत खरी सभा हीच असते, दहा-बारा माणसांची. म्हणून तहकूब सभेची तारीख नक्की विचारून घ्या.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं कागदावर होत होती. आम्ही नऊ जणी नोटीस वाचून वेळेवर गेलो तेव्हा शिपाईदादांनी आधी कार्यालय उघडलं, मग खुर्च्या पुसल्या. तिथे गटाराचा विषय पहिल्यांदा इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, आला, आणि मग ग्रामसभेत तो 'आयत्या वेळचा विषय' म्हणून टाळता आला नाही.

विषय लेखी द्या, सभेच्या आधी, पोच घेऊन. सभेत भाषण नको, तो चार रकान्यांचा तक्ता वाचा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हाही हेच केलं होतं: कागदावरची नावं आणि कामं गावासमोर मोठ्याने वाचली. माहितीच्या अधिकाराची मागणी तिथून पुढे देशभर गेली. गावाला आपलं गटार माहीत असतं, त्यामुळे नुसता आकडा वाचला तरी पुरतो.

हजेरीच्या वहीची काळजी घ्या. कोऱ्या पानावर सही करू नका. वर काय ठराव लिहिला जाईल सांगता येत नाही. सहीपुढे वेळ घाला. सभा संपल्यावर घरोघरी वही फिरवून सह्या घेत असतील तर देऊ नका, मग तो शेजारचा आपला पुतण्या का असेना. आठवड्याने इतिवृत्ताची प्रत मागून तुमचा विषय कसा लिहिला आहे ते बघा. आमच्या विषयासमोर पहिल्यांदा "चर्चा झाली" एवढंच होतं. लेखी हरकत दिल्यावर 'संयुक्त पाहणी करावी' असा ठराव नोंदवला गेला.

८. तक्रार, आणि कोणाकडे

इथपर्यंत आलात तर तक्रार एका पानाची पुरते. गटविकास अधिकाऱ्यांना द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. तक्ता, एमबीची प्रत, फोटो, ठराव जोडा. मागणी एकच: तक्रारदार आणि पंचांसमोर संयुक्त स्थळपाहणी करून पंचनामा करावा. 'कठोरात कठोर कारवाई' वगैरे लिहू नका. पंचनाम्यात १८ मीटरचा फरक आला की वसुलीचा प्रश्न आपोआप उभा राहतो. महिनाभर हालचाल नसेल तर तालुक्याचा लोकशाही दिन (अधिकाऱ्यांनी तक्रारी ऐकायचा दिवस) तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. त्याला आधी अर्ज द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. लाच मागितली गेली असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

आमचं काय झालं ते सांगते. पाहणीची तारीख ठरली आणि तिच्या चार दिवस आधी, एका रविवारी, ठेकेदाराची माणसं येऊन उरलेलं गटार बांधायला लागली. आळीत आनंद. काहीजण म्हणाले, "झालं ना आता, घे तक्रार मागे." मी मागे घेतली नाही, पण चालू कामाचे फोटो तारखेसकट काढून पाहणीच्या दिवशी अधिकाऱ्यांच्या हातात दिले. काम पूर्ण झाल्याचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा आणि सिमेंट अजून ओलं, असा तो पंचनामा झाला. तुमच्याकडेही असं घडेल, बहुधा घडेलच. खूश व्हा, पण कॅमेरा घेऊन जा.

९. एकटं जाऊ नका

हे शेवटी लिहिलंय कारण आधी लिहिलं असतं तर कुणी पुढे वाचलंच नसतं. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली. जमिनीच्या मोठ्या व्यवहारांचा तो विषय होता; गटाराच्या १८ मीटरसाठी सहसा असं होत नाही. पण पाणी तोडणं, दाखल्याला चकरा मारायला लावणं, नवऱ्याच्या कानावर घालणं, हे होतं. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या दोन बायका यायच्या बंद झाल्या.

उपाय साधा आहे. एकाच विषयाचा अर्ज तीन-चार जणांनी वेगवेगळ्या नावांनी टाका. कागदांची एक झेरॉक्स दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. फोनवर कुणी काही बोललं तर वाद घालू नका, तारीख-वेळ वहीत लिहा. धमकी असेल तर पोलिस ठाण्यात लेखी द्या. आणि मिटवामिटवीसाठी चहाला बोलावलं तर ग्रामपंचायत कार्यालयातच चहा घ्या, चार लोकांत.

जाता जाता, सगळ्यात सोपी तपासणी

गटार, रस्ता यांतलं काहीच जमणार नसेल तर एवढं करा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षीचं स्वउत्पन्न किती आणि या तिन्हींवर खर्च किती, एवढंच माहितीच्या अर्जात मागा. एका पानाचं उत्तर येतं. टेप लागत नाही, इंजिनिअर लागत नाही, फक्त टक्केवारी काढता आली पाहिजे. आमच्या गावात दिव्यांगांचा तीन वर्षांचा निधी खात्यात पडून होता. कुणी खाल्ला नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. पुढच्या ग्रामसभेत अकरा जणांची यादी झाली.

सध्या माझ्या फाइलमध्ये शाळेच्या स्वच्छतागृहाचं अंदाजपत्रक आहे. कागद सगळे मिळालेत, मापं घ्यायची राहिलीत, कारण कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे आणि शाळेला सुट्टी लागलीय.